उद्या चाचणी आहे, पोराला पाठवू का?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज बोलायचंय शाळेतल्या चाचण्यांबद्दल. नेऱ्याच्या बाजूला एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि एक सून हळूच म्हणाली, "ताई, परवापासून शाळेत चाचणी आहे. पोरगी रात्री झोपेत दचकते. तीन दिवस घरीच ठेवली तर कोणी काही करेल का?" ती बोलली आणि मग बाकीच्यांनाही धीर आला. एकीची बहीण नवीन पनवेलला राहते, तिच्या मुलाला शाळेतून सारख्या बाहेरच्या परीक्षांचे फॉर्म येतात आणि दर फॉर्मला पैसे भरावे लागतात. कोपऱ्यात बसलेल्या एका काकूंचं म्हणणं अगदीच उलटं होतं. त्यांच्या नातवाला स्कॉलरशिपच्या जादा तासाला बसूच दिलं नाही, "तुमच्याच्यानं व्हायचं नाही" म्हणून घरी पाठवलं.

म्हणजे बघा, एकीला परीक्षा नको आहे आणि एकीला हवी आहे ती मिळत नाही. दोघींचे प्रश्न एकाच सतरंजीवर आले, म्हणून मी दोन्ही एकत्रच घेते.

आधी त्या सुनेचं. मुलाला चाचणीला पाठवायचं नाही असं म्हणणारी ती काही पहिली आई नाही. इंग्लंडमध्ये ३ मे २०१६ रोजी पुष्कळ आईबापांनी सहा-सात वर्षांची मुलं एक दिवस शाळेत पाठवली नाहीत. बागेत नेली, रानात नेली. एवढ्या लहान मुलांना सरकारी चाचण्या आणि त्यासाठी व्याकरणाचा रट्टा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ साली, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तिसरी ते आठवीच्या सरकारी चाचणीला पाचातलं एक मूल बसलं नाही. साधारण दोन लाख मुलं! तिथं मुलांच्या गुणांवरून शिक्षकांची किंमत ठरवायला लागले होते. मग शिक्षक वर्षभर त्या पेपरचीच तयारी करून घेणार, दुसरं काय करणार? आईबापांनी शाळेला पत्रं दिली, की आमचं मूल हा पेपर लिहिणार नाही. त्याचा परिणामही झाला. त्याच डिसेंबरात राज्यानं त्या गुणांवरून शिक्षकांना तोलणं काही वर्षांपुरतं थांबवलं, आणि पुढच्या वर्षी पेपरला वेळेची मर्यादा काढून टाकली.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, चला, मग आपणही तसंच करू. जरा थांबा. त्याच वर्षी, मे २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या बारा संघटना पुढे आल्या. काळ्या लोकांच्या, बाहेरून आलेल्या गरीब लोकांच्या, अपंग मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना. त्या म्हणाल्या, मुलांना चाचणीतून काढू नका. कित्येक वर्षं आमच्या मुलांना कुणी मोजतच नव्हतं. शाळा त्यांना शिकवत नव्हती आणि ते कुठं दिसतही नव्हतं. आता कुठं आकडा समोर येतोय, तो पुसू नका.

मला हे दोन्ही पटतं. आणि आपल्याकडे पाहिलं तर त्या बारा संघटनांचं जास्त पटतं. का ते सांगते.

आपल्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या परीक्षा सगळ्या एका जातीच्या नाहीत. आपण मात्र सगळ्यांना "परीक्षा" एवढंच म्हणतो आणि सगळ्यांना सारखंच घाबरतो. पावसाळ्यात शाळा सुरू झाल्यावर जुलै-ऑगस्टच्या सुमाराला होते ती पायाभूत चाचणी. ती सून जिच्याबद्दल विचारत होती ती हीच. सध्याच्या स्वरूपातली ही चाचणी २०२३ साली सुरू झाली, तेव्हा तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी होती. मराठी म्हणजे पहिली भाषा, गणित आणि इंग्रजी, एवढेच विषय. पेपर पुण्याहून येतो, राज्यातल्या सगळ्या सरकारी आणि अनुदानित शाळांना सारखा. त्यात विचारतात ते मागच्या इयत्तेतलं. पाचवीच्या मुलाला चौथीपर्यंतचं किती येतं, ते बाईंना वर्षाच्या सुरुवातीला कळावं, म्हणून. नंतर सहामाहीला एक आणि एप्रिलच्या सुमाराला एक अशा आणखी दोन होतात.

पायाभूत चाचणीत कोणी पास नाही, कोणी नापास नाही. कमी गुण पडले म्हणून मूल मागच्या वर्गात बसत नाही, कुणाची शिष्यवृत्ती जात नाही, दाखल्यावर काही लिहिलं जात नाही. डॉक्टर ताप मोजतो तसं आहे ते. थर्मामीटर लावल्यानं ताप वाढत नाही, आणि लावला नाही म्हणून उतरतही नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढं साधं आहे तर पोरगी दचकते कशाला? ती दचकते कारण तिला कुणीतरी वेगळंच सांगितलंय. शाळेत सांगितलं असेल, "गुण कमी आले तर सगळ्यांसमोर उभी करीन." घरात आजोबा म्हणाले असतील, "नापास झालीस तर भांडी घासायला बसवीन." किंवा बाईच ताणाखाली असतील. तोही विचार करा. बाईंना पेपर तपासायचे, गुण मोबाईलवर भरायचे, वरून फोन येणार की तुमच्या शाळेचं भरलं का. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आयुष्य काढलंय. वरचा साहेब केंद्रप्रमुखाला बोलतो, केंद्रप्रमुख मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक बाईंना, आणि बाई वर्गातल्या सगळ्यात लहान पोराला. ती दटावणी उतरत उतरत येते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय, मुलाचं शिक्षण भीती, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त असलं पाहिजे. मुलाला मारायला बंदी आहे तशीच मानसिक छळालाही बंदी आहे. कमी गुणांसाठी वर्गासमोर हिणवणं त्यात येतं. तेव्हा पोरगी घाबरत असेल तर भांडायचं ते भीतीशी. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन म्हणायचं, "बाई, हिला चाचणीला बसवा, पण गुण मोठ्यानं वाचू नका. आणि पेपर तपासून झाला की मला दाखवा." एवढं बोलायला इंग्रजी लागत नाही की शिकलेलं असावं लागत नाही.

त्या सुनेला मी हेच सांगितलं. तीन दिवस घरी ठेवल्यानं तुला शिक्षा कुणी करणार नाही. पण तुझ्या मुलीला भागाकार येत नाही, हे कुठंच लिहिलं जाणार नाही. बाईंना वाटेल आजारी होती. पुढचा धडा सुरू होईल. आपल्या कायद्यात आईनं चाचणी नाकारायची अशी काही सोय नाही, त्यासाठी फॉर्म नाही, रकाना नाही. आपल्याकडचं नाकारणं म्हणजे नुसती हजेरीपटावरची गैरहजेरी. न्यूयॉर्कच्या आईचं पत्र फाईलला लागलं. आपलं मूल नुसतं दिसेनासं होतं.

आणि दिसेनासं होणं हाच आपल्याकडचा खरा दुखणारा भाग आहे. कारण पुष्कळ वेळा आई नाही, शाळाच मुलाला परीक्षेबाहेर ठेवते.

हे थोडं सविस्तर बोलते. तुम्हाला राग आला तर येऊ द्या.

दर काही वर्षांनी देशभर एक पाहणी होते. १२ नोव्हेंबर २०२१ ला झाली होती, नंतर ४ डिसेंबर २०२४ ला झाली. त्यासाठी सगळ्या शाळा घेत नाहीत, काही निवडक शाळा, त्यातले निवडक वर्ग. मुलाला त्याचा निकालही मिळत नाही, कारण ती मुलाची परीक्षाच नसते, जिल्ह्याची असते. रायगडची मुलं कुठं आहेत, ठाण्याची कुठं, असं त्यातून काढतात. आणि अशाच दिवशी काही ठिकाणी कच्च्या मुलांना आदल्या दिवशी हळूच सांगितलं जातं, "तू उद्या नाही आलास तरी चालेल." मी एका शाळेत असताना तपासणीच्या आदल्या दिवशी हे होताना डोळ्यांनी पाहिलंय. दोन भाऊ होते, मोठा पाचवीत, धाकटा तिसरीत. दोघांनाही सुट्टी. घरी गेले तेव्हा खूश होते, सुट्टी मिळाली म्हणून. त्यांच्या आईला वाटलं, शाळेला सुट्टीच आहे. शाळेचं चित्र छान दिसलं. आणि त्या दोघांसाठी वेगळा तास ठेवायला हवा, हे त्या चित्रात कुठंच नव्हतं.

स्कॉलरशिपचंही तसंच. चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप आपल्यातल्या जुन्या बायकांना माहीत असेल. मध्ये ती पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ साली सरकारनं ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, दोन्ही दीडशे-दीडशे गुणांचे, भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. ही कुणावर सक्तीची नाही. पण सक्तीची नाही म्हणजे मुलाला आणि आईला नको असेल तर नको. शाळेला निकाल चांगला दिसायला हवा म्हणून कच्चं मूल नको, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या काकूंच्या नातवाला जादा तासाला बसू दिलं नाही ते याच हिशोबानं. बारा मुलं बसवली आणि दहा पात्र झाली तर फलक लागतो. तीस बसवली आणि दहाच पात्र झाली तर फलक लागत नाही. दहा मुलं तीच! पण आणखी अठरा मुलांना वर्षभर जादा गणित शिकायला मिळालं असतं, ते गेलं.

काकूंना मी म्हटलं, तुम्ही जा आणि फॉर्म मागा. नातू पात्र होईल न होईल, तो तासाला बसला पाहिजे. काकू गेल्या. एकट्या नाही, गटातल्या दोघींना घेऊन गेल्या. नातू आता तासाला बसतो. गणितात अजून अडखळतो, पण बसतो.

याच्याही पुढची गोष्ट नववीत होते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतच चाळणी लावतात. मूल नापास करतात, किंवा आईला बोलावून समजावतात, "याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा, बाहेरून बसू दे." सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. शाळा सुटलेल्या, लग्न होऊन आलेल्या कितीतरी मुलींनी त्याच्यावर दहावी केलीय, तुमच्यातही असतील. पण शाळेत जाणाऱ्या, तास बसणाऱ्या मुलाला त्याच्यावर ढकललं की त्याची शाळा सुटते, मित्र सुटतात आणि बहुतेक वेळा अभ्यासही सुटतो. पोरगा करंजाड्याच्या नाक्यावर डिलिव्हरीच्या गाडीवर दिसायला लागतो. तुम्हाला असं कुणी बोलावून सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. "लिहून द्या," म्हणा. बहुतेक जण लिहून देत नाहीत, आणि मग मूल वर्गात राहतं.

आता ज्या परीक्षांना खुशाल नको म्हणावं, त्यांच्याबद्दल. पनवेल, कामोठे, खारघर या बाजूच्या शाळांमधून मुलांच्या दप्तरात फॉर्म येतात. ऑलिंपियाड, प्रज्ञाशोध, अमुक स्पर्धा परीक्षा, तमुक शोध परीक्षा. त्यातल्या काही चांगल्या आहेत, जुन्या संस्थांच्या आहेत. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. विज्ञानाची खरीच आवड असलेल्या पोराला तिचा फायदा होतो. पण बऱ्याचशा नुसत्या दुकानदारीच्या आहेत. फी घ्या, पुस्तक घ्या, बसलेल्या प्रत्येकाला चकचकीत प्रमाणपत्र आणि पदक घ्या. अशी पदकं भिंतीला लावलेली आणि तिसरीचं पुस्तक वाचता न येणारी मुलं मी पाहिली आहेत. आता गावातल्या बायकाही मुलांना व्हॅननं शहरातल्या शाळेत पाठवतात, आणि फॉर्म आला की तो शाळेच्या फीसारखाच भरायचा असं धरून चालतात. तसं नाही. ही परीक्षा सक्तीची आहे का, तिचे गुण शाळेच्या निकालात धरणार का, हे सरळ विचारा. उत्तर "नाही" असेल तर तुमचंही "नाही" चालतं. त्याच पैशांत दोन गोष्टींची पुस्तकं येतात. मला विचाराल तर ती घ्या.

एक परीक्षा मात्र कंटाळा करून बुडवू नका, आणि ती नेमकी आपल्याच घरात माहीत नसते. आठवीत असताना होणारी राष्ट्रीय दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा. शाळेत सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठीच ती आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि सातवीला पंचावन्न टक्के पाहिजेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात पाच टक्के सूट आहे. दोन पेपर असतात, एक बुद्धीचा, एक शाळेच्या विषयांचा. मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये त्याच्या खात्यात येतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. मुलगी दहावीनंतर पुढं शिकणार की तिचं लग्न लावून देणार, याचा निर्णय किती घरांत एवढ्याच पैशांवर अडतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. मूल सातवीत असतानाच शाळेत विचारून ठेवा, उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. तलाठ्याकडे आणि सेतूत किती खेपा होतात ते माहीत आहेच.

आणि पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा. इथं मात्र नियम बदललाय, आणि "आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत" हे जे आपल्या डोक्यात बसलंय ते काढून टाका. २०१९ साली केंद्रानं कायदा बदलला, आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम काढला. आता पाचवीच्या आणि आठवीच्या वर्षअखेरच्या परीक्षेत प्रत्येक विषयात ३५ टक्के गुण लागतात. नाही पडले तर मुलाला जादा शिकवून पुन्हा एकदा परीक्षा घ्यायची. त्यातही नाही झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. शाळेतून मात्र काढता येत नाही, आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाच काढता येत नाही. ही परीक्षा घरी ठेवून चुकवली तर नुकसान मुलाचंच. आणि पहिल्या वेळी राहिलं तर मधल्या दिवसांत जादा शिकवणं हे शाळेचं काम आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नं असतात, मामाकडं जायचं असतं, मान्य आहे. पण त्या दिवसांत शाळेत चक्कर मारा आणि विचारा, कोण शिकवतंय, कधी शिकवतंय.

कोणत्याही चाचणीनंतर मागायची गोष्ट एकच, पेपर. आपण काय करतो, प्रगतिपुस्तक बघतो, त्यात "ब-२" असं काहीतरी लिहिलेलं असतं, सही किंवा अंगठा देतो आणि परत करतो. ब-२ म्हणजे काय ते घरात कुणाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात कळण्यासारखं फारसं नसतंही. तपासलेला पेपर बघा. मुलाला शेजारी बसवा आणि विचारा, हे कुठलं गणित, हे का चुकलं? आपल्याला वाचता येत नसेल तरी लाल खुणा दिसतात. वजाबाकीत सगळीकडे लाल आणि बेरजेत काही नाही, एवढं तर कुणालाही दिसतं. मग बाईंना म्हणायचं, "हिचं हातच्याचं चुकतंय, जरा बघा." आई एवढं नेमकं बोलली की बाईही नेमकं बोलतात. वीस वर्षं मी समोरच्या खुर्चीवर बसून आयांशी बोललेय. "अभ्यास कसा आहे?" असं विचारणाऱ्या आईला "बरा आहे" असंच उत्तर मिळतं.

घरातही बघता येतं. 'असर' नावाची एक पाहणी २००५ पासून होते, 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं. त्यात तरुण मुलं-मुली खेड्यांत घरोघरी येतात, ओट्यावर बसतात आणि मुलाला एक साधा कागद देतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात आकडे ओळखणं, वजाबाकी, भागाकार. आई समोर बसलेली असते. पाचवीतल्या पोराला दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे कित्येक आयांना तिथं पहिल्यांदा कळतं, आणि त्या गप्प होतात. पाहणीवाले तुमच्या दारात येतील न येतील. दुसरीचं मराठीचं पुस्तक गल्लीत कुणाकडे तरी असतंच. ते आणा, पोराला म्हणा, मला हे वाचून दाखव, भाजी होईपर्यंत. रेशनची पावती, विजेचं बिल, बचत गटाची वही, काहीही चालेल. त्यात भीती नाही, गुण नाहीत, आणि तुम्हाला जे कळेल ते पुण्याहून आलेल्या पेपरपेक्षा कमी नसेल.

शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर तिथं शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारातले तीन जण पालक असावे लागतात, आणि निम्म्या बायका. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे, बायकांच्या सह्या घरी येऊन घेतात. गटातली एक तरी बाई समितीत असेल, तिनं पुढच्या बैठकीत एवढंच विचारावं: पायाभूत चाचणीत किती मुलं हजर होती, किती गैरहजर, आणि ज्यांना कमी पडले त्यांच्यासाठी काय ठरलंय? गैरहजर कोण होती ते विचारायला विसरू नका. गावातल्या बाईला नावं ऐकताच कळतं, कोण खरंच आजारी होतं आणि कुणाला "येऊ नको" म्हटलं होतं. परीक्षा फार होतात, तीन-तीन दिवस शिकवणं बंद पडतं, असं वाटत असेल तर तेही तिथंच बोला आणि लिहून घ्या. एकटीनं पोरगी घरी ठेवण्यापेक्षा सात जणींनी मिळून केलेला ठराव बरा. तो साहेबाला वाचावा लागतो.

शेवटी माझ्या वाडीवरच्या बायकांसाठी. डोंगराच्या बाजूच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर आपला कार्यक्रम ऐकतात, मला माहीत आहे. दिवाळी झाली की मुकादम उचल देतो, ट्रक लागतो, आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. परत येणं पावसाच्या तोंडाला. आता चाचण्यांचं वेळापत्रक याच्याशी लावून बघा. ऑगस्टच्या चाचणीला तुमचं मूल वर्गात असतं. एप्रिलच्या चाचणीला ते भट्टीवर विटा उलटत असतं, नाहीतर धाकट्याला सांभाळत असतं. म्हणजे त्याला काय येत नाही हे सुरुवातीला मोजतात, आणि वर्षभरात काय शिकलं हे कधीच मोजत नाहीत. पुढच्या ऑगस्टला पुन्हा तेच. ते मूल परीक्षेतून सुटलं असं कोण म्हणेल? त्याला तर कुणी विचारलंच नाही.

यावर उपाय अर्धेच आहेत, पण आहेत. काही ठिकाणी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होते, मूल आजी-आजोबांजवळ राहतं आणि जेवण मिळतं. त्यासाठी जाणाऱ्या मुलांची नावं शाळेकडे आधी जावी लागतात. मूल बरोबर न्यायचंच असेल तर जाण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. त्यावर मुलाची इयत्ता आणि त्याला काय येतं हे लिहिलेलं असतं. भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवलं की तिथल्या गुरुजींनी मुलाला वर्गात बसवून घ्यायचं असतं, दाखल्यासाठी अडवायचं नसतं. परत आलात की तेच कार्ड घेऊन आपल्या शाळेत. आणि मूल पाचवीत किंवा आठवीत असेल तर जाण्याआधीच विचारा, वार्षिक परीक्षा कधी आहे, ती कुठं देता येईल, चुकली तर पुन्हा कधी होणार. उत्तर कागदावर घ्या.

हे दिवाळीच्या सुट्टीआधी करा, कारण सुट्टीत शाळा बंद असते आणि ट्रक सुट्टीतच येतो. कार्ड नाही म्हणाले तर मुख्याध्यापकांना केंद्रप्रमुखाचं नाव विचारा. एकट्या जाऊ नका, गटातली एक जण सोबत घ्या. कार्ड मिळालं की त्याची झेरॉक्स काढा आणि मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत ठेवा. भट्टीवरच्या झोपडीत कागद टिकत नाही.